वेकबोर्डिंगचे प्रचि: उडी टिपली जाते, उंची दिसत नाही. मदत हवी

जलतरंग | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी,

तीन वर्षं पक्ष्यांचे प्रचि (प्रकाशचित्रं) काढतेय, त्यामुळे उडती गोष्ट फोकसमध्ये धरायची सवय आहे. माझी एक मैत्रीण बऱ्याच वर्षांपासून वेकबोर्डिंग करते, म्हणजे पायात बोर्ड अडकवून, बोटीच्या दोरानं ओढलं जात पाण्यावरून घसरते आणि उड्या मारते. दोन महिन्यांपासून मी तिच्या बोटीत कॅमेरा घेऊन बसायला लागले. ७०-२०० एफ २.८ लेन्स, शटर १/२०००, सलग बर्स्ट. बोटीवरच्या, दोर बांधायच्या टॉवरला पाठ टेकवून उभी राहते आणि २०० मिमीवर तिला चौकटीत भरून घेते.

फ्रेम टोकदार येतात. जॅकेटची शिवणसुद्धा दिसते. पण सगळ्या फ्रेम निर्जीव वाटतात. निळ्या कागदावर कुणीतरी तिचं चित्र कापून चिकटवलंय, असं दिसतं. काल तिला दाखवल्या तर ती म्हणाली, "अगं, मी एवढी वर गेले होते ना? मग इथे का दिसत नाही?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तेव्हापासून डोक्यातून तो जात नाहीये. तिनं त्या उडीसाठी दोन मोसम घालवलेत.

खाली पाच प्रचि देतेय. मोकळेपणानं सांगा.

कृष्णधवल | शनिवार, रात्री १०:०५

ताई, पाचही बघितले. फोकस आणि उजेड चोख आहेत. पण एकाही चौकटीत पाणी नाही. उंची ही कशापासून तरी मोजायची गोष्ट आहे. ज्यापासून मोजायची तेच तुम्ही कापून टाकलंय.

लेन्स २०० वरून १००-१२० वर आणा. बोर्डाच्या खाली वेकचा, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेचा, माथा आणि तिथून उसळलेले तुषार चौकटीत येऊ द्या. माणूस चौकटीचा तिसरा हिस्सा भरला तरी पुरे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोकळ्या पाण्यावर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला असते. कॅमेरा पाण्यापासून अडीच मीटरवर असेल, तर अडीच मीटरच्या खालचं सगळं क्षितिजाच्या खाली दिसतं. म्हणजे मैत्रिणीचा बोर्ड दीड मीटर वर गेला, तरी तुमच्या चौकटीत तो पाण्याच्या पार्श्वभूमीवरच राहणार. कॅमेरा एक मीटरवर आणला, की तीच उडी, तोच बोर्ड क्षितिजाच्या वर आभाळात. उडी बदलली नाही, फक्त तुम्ही खाली बसलात.

उभ्या राहून काढताय, तिथेच बरीचशी उंची हरवतेय.

जलतरंग | शनिवार, रात्री १०:२०

क्षितिजाचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं! पक्षी नेहमी डोक्यावरच असायचे, म्हणून असेल. उद्याच बसून बघते.

निळाई | रविवार, सकाळी ७:४८

कृष्णधवल यांना +१. वाचनखूण साठवली. मी सर्फिंगचे काढते, तिथेही हेच लागू पडतं.

दोरीवरचा | रविवार, सकाळी ११:३०

मी कॅमेरेवाला नाही, बारा वर्षं दोरीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आमच्याकडून काय दिसतं ते सांगतो, कारण बरेच फोटोग्राफर नेमकी चुकीची फ्रेम निवडतात आणि आम्हाला ती भिंतीवर लावावीशी वाटत नाही.

आम्ही आधी हात बघतो. मागच्या हातानं दोन पायांच्या मध्ये, पायाच्या बोटांकडची बोर्डाची कड पकडली तर इंडी. पुढच्या हातानं टाचेकडची कड धरून बोर्ड पाठीमागे ओढला तर मेथड. मागच्या हातानं बोर्डाचं शेपूट धरलं तर टेल ग्रॅब. हात बोर्डाकडे निघालाय पण पोहोचला नाही, अशी फ्रेम आमच्या दृष्टीनं अर्धवट. ग्रॅब (बोर्डाची पकड) घट्ट धरलेला, एक पाय ताणलेला आणि नजर उतरायच्या जागेकडे: ही फ्रेम हवी. हा क्षण बहुतेक वेळा शिखराच्या जरा पुढे असतो, कारण वर पोहोचेपर्यंत हात जागेवर जायला वेळ लागतो.

रेली या उडीचं वेगळं. त्यात स्वार बोर्डाची कड पाण्यात दाबून येतो आणि दोरीच्या ओढीनं शरीर मागे लांब फेकलं जातं, बोर्ड डोक्याच्याही वर जातो. तिथे शरीर पूर्ण ताणलेलं असतं ती फ्रेम, पाय परत खाली यायला लागले की संपलं. टँट्रम, म्हणजे टाचेच्या कडेवरून मारलेली मागची कोलांटी, यात पूर्ण उलटी स्थिती सगळे काढतात. मला स्वतःला त्याच्या किंचित नंतरची आवडते, जेव्हा डोकं वळून पाणी शोधत असतं. तिथे चेहरा दिसतो.

आणि दोर कापू नका. कृपा करून कापू नका. दोराची मूठ (हँडल) कमरेपाशी आहे का हात लांब झालेत, दोर ताणलेला आहे का सैल, यावरून आम्हाला उडी कशी झाली ते कळतं. दोर चौकटीबाहेर गेला की आमचा अर्धा खेळ बाहेर गेला.

अवांतर पण गरजेचं: बोटीत जागा बदलण्याआधी चालकाला विचारा. वेक दोन्ही बाजूंना सारखी उठावी म्हणून वजन जुळवलेलं असतं. तुम्ही एका काठावर जाऊन बसलात की बोट कलते आणि एका बाजूची वेक मऊ पडते. स्वाराला ते लगेच पायात जाणवतं.

पाणडोळे | रविवार, दुपारी २:१५

बोटीतून काढण्याचा एक मोठा फायदा कुणी सांगितला नाही, म्हणून लिहितो.

दोर ताणलेला आहे तोवर स्वार बोटीपासून कायम दोराएवढ्याच अंतरावर असतो. वेकबोर्डिंगचा दोर साधारण २० ते २५ मीटर. ती डावीकडे जावो, उजवीकडे जावो, एका वर्तुळाच्या कडेवरच फिरते. पक्ष्यासारखी जवळ-लांब होत नाही. म्हणून फोकसचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

आता हिशोब. फुल फ्रेम कॅमेरा, २०० मिमी, एफ २.८, अंतर २० मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १.७ मीटर. फोकस जरा हुकला की चेहरा गेला. तेच १३५ मिमी आणि एफ ४ केलं तर पट्टा ५ मीटरच्या वर जातो. कृष्णधवल म्हणतात तसं लेन्स मागे घेतलीत की पाणीही येईल आणि फोकसची धास्तीही कमी होईल.

अजून एक. बोटीतून पाहताना स्वार तुमच्याच वेगानं येत असतो, म्हणजे तुमच्या दृष्टीनं जवळजवळ जागच्या जागी. १/२००० ची गरज तिच्या वेगासाठी नाही, ती बोटीच्या थरथरीसाठी, गिरकीसाठी आणि थेंबांसाठी आहे. साध्या उडीला मी १/१००० वर खुशाल काढतो.

काठावरची | रविवार, दुपारी ४:५०

मी थोडं विरोधात बोलणार आहे. बोटीतून कितीही खाली बसा, कोन एकच: समोरून. वेक ओलांडून किती लांब उडी गेली हे समोरून कळत नाही. त्यासाठी बाजूनं, म्हणजे काठावरून काढायला हवं. केबल पार्क असेल तर फारच उत्तम. तिथे बोट नसते, मनोऱ्यांवरून फिरणारी तार ओढते, मार्ग ठरलेला असतो आणि उडी मारायचे रॅम्प, घसरत जायचे स्लायडर जागेवर स्थिर. मी आधी रिकाम्या रॅम्पवर चौकट बांधते आणि मग स्वाराची वाट पाहते.

काठावर वेग पूर्ण लागू होतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेरा स्थिर धरलात तर १/५०० ला ती २ सेंटिमीटर सरकते, १/१००० ला १, १/२००० ला अर्धा. उडी गोठवायची तर १/१६०० च्या खाली जाऊ नका.

पण मला गोठवलेले प्रचि एकामागून एक बघवत नाहीत. सगळ्यात पाण्याचे थेंब काचेच्या मण्यांसारखे थांबलेले. वेग कुठे गेला? म्हणून मी पॅनिंग करते, म्हणजे स्वारासोबत कॅमेरा वळवत काढते. शटर १/४० ते १/६०, कमरेतून वळायचं, स्वार समोर यायच्या बऱ्याच आधी वळायला सुरुवात करायची आणि बटण दाबून झालं तरी वळणं थांबवायचं नाही. लेन्समधलं स्थिरीकरण पॅनिंगच्या मोडवर ठेवा, नाहीतर ते तुमच्या वळण्याशीच भांडतं. पन्नासात तीन-चार मिळतात. पण मिळालेला एक असा असतो की मागची झाडं हिरव्या रेघा झालेली आणि मधे फक्त तिचा चेहरा शांत. उड्यांवर हे जमवणं अवघड, पाण्यावर कड दाबून वळताना मात्र सुरेख येतं.

आणि कोणत्या काठावर उभं राहायचं ते आधी ठरवा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या स्वाराचं तोंड प्रवासाच्या दिशेच्या उजवीकडे असतं. उजवा पाय पुढे असेल, म्हणजे गूफी, तर डावीकडे. चुकीच्या काठावर थांबलात तर दिवसभर पाठीचे प्रचि मिळतील.

कृष्णधवल | रविवार, सायं. ५:३०

काठावरची, तोंडाच्या दिशेचा मुद्दा फार मोलाचा. पॅनिंगबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. जलतरंग यांचा प्रश्न उंचीचा आहे आणि पॅनिंग उंची दाखवत नाही, वेग दाखवतं. आधी एक गोष्ट हाताखालून जाऊ द्या, दुसरी मग.

जलतरंग | पुढचा रविवार, रात्री ८:४०

आज पहाटे सहाला निघालो होतो. चालकाला विचारून मागच्या आसनावर, मधोमध बसले. कॅमेरा पाण्यापासून मीटरभर. १२० मिमी, एफ ४.

पहिली फ्रेम पडद्यावर पाहिली आणि मी ओरडलेच. बोर्ड आभाळात होता! खाली वेकची धार, तिच्यावरून उडालेले तुषार, मधे मोकळी हवा, आणि मग ती. पाण्यापासून सुटलेली दिसते. कृष्णधवल, मनापासून आभार.

पण दोन नव्या अडचणी आल्या. एक: ती कड दाबते तेव्हा उडणारा फवारा कॅमेऱ्याचा फोकस पळवतो. तुषार टोकदार आणि ती धूसर. दोन: वेकवरून उठताना उजेड बरोबर असतो आणि नेमकी शिखरावर पोहोचली की ती काळवंडते. एकाच उडीत असं का होतं?

कृष्णधवल | पुढचा रविवार, रात्री ९:२५

दुसरीचं आधी, कारण ते गमतीचं आहे. उडी सुरू होते तेव्हा मागे गडद झाडं असतात. वर जाते तेव्हा मागे लख्ख आभाळ येतं. तुमचा कॅमेरा आपोआप उजेड मोजतोय, म्हणून आभाळ पाहून तो सगळंच अंधारं करतो. आधी तुम्ही वरून काढत होतात, मागे सतत पाणी होतं, तेव्हा हा त्रास नव्हता. तिच्यावर पडणारा उजेड त्या सेकंदात तसूभरही बदललेला नाही. म्हणून मॅन्युअल मोड वापरा. फेरीच्या सुरुवातीला तिच्या जॅकेटवर एक्स्पोजर ठरवा आणि ढग येईपर्यंत हात लावू नका. आयएसओही (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर नको, तोही तीच चूक करेल. अंदाजासाठी: कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००, म्हणजेच एफ ४ ला १/१६००. सकाळी कोवळ्या उन्हात आयएसओ दोन-तीन पायऱ्या चढवावा लागेल. पांढरे तुषार तपशील हरवून कोरे होत नाहीत ना, तेवढं हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) बघा.

फोकसचं: सलग फोकस चालू ठेवा, पण मेनूमध्ये ट्रॅकिंगची चिकाटी वाढवा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय. मतलब एकच: मधे काही आडवं आलं तर कॅमेऱ्यानं लगेच त्याच्याकडे उडी मारायची नाही. पक्ष्यांसाठी तुम्ही ती बहुधा चपळ ठेवली असेल. फोकस बिंदू एकटा किंवा लहान गटाचा घ्या आणि छातीवर धरा, बोर्डावर नको. बोर्डाभोवतीच सगळे तुषार असतात.

त्यातूनही नाही जमलं तर पाणडोळ्यांचा दोराचा नियम वापरा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. ती सरळ मागे, शांत येत असताना फोकस घ्या आणि अंगठा उचला. अंतर बदलणारच नाहीये. फवारा कितीही उडू दे. फक्त तुम्ही जागा सोडू नका, आणि ती पडून नव्यानं सुरुवात करेल तेव्हा फोकस पुन्हा घ्या.

सांजवेळ | सोमवार, सकाळी ९:०२

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. २० मीटरवर काही आशा आहे का?

पाणडोळे | सोमवार, सकाळी ९:४०

बोटीतून कठीण. माणूस ठिपक्याएवढा येतो आणि डिजिटल झूमनं त्याचा चुराडा होतो. पण केबल पार्कात धक्क्याजवळ, जिथून स्वार सुटतात किंवा जिथे एखादा रॅम्प काठालगत आहे, तिथे मोबाइल छान चालतो. पाण्याजवळ आडवा धरा, बर्स्ट वापरा. ४के व्हिडिओतून फ्रेम काढलीत तरी ८ मेगापिक्सेल मिळतात, फक्त शटर स्वतः ठरवता येईल असं अ‍ॅप हवं, नाहीतर प्रत्येक फ्रेम पुसट. आणि थोडं लांब, स्वाराच्या मार्गाबाहेर उभे राहा.

दोरीवरचा | सोमवार, दुपारी १:१०

जलतरंग, आभाळातला बोर्ड पाहिला. मैत्रिणीला सांगा, उडी खरंच मोठी आहे.

आता एक काम कॅमेऱ्याशिवाय करा. पाण्यात उतरण्याआधी तिच्याशी पाच मिनिटं बोला. ती कुठली ट्रिक, कोणत्या बाजूनं, किती वेळा करणार? खूण ठरवा: ती मोकळ्या हातानं ती खूण करेल तेव्हा पुढची उडी मोठी. मग तुम्हाला नऊशे फ्रेम काढाव्या लागणार नाहीत. तिलाही एकच उडी तीन-चारदा नीट करायला मिळते. सरावासाठी तर हे सोन्यासारखं आहे.

बर्स्ट उडीच्या बऱ्याच आधीपासून दाबून धरू नका, ऐन वेळी कॅमेऱ्याची मेमरी भरून तो थांबतो. शिखराच्या आधी-नंतर ०.१ सेकंदात शरीर जेमतेम ५ सेंटिमीटर वर-खाली होतं. तेवढ्या ०.२ सेकंदात १० फ्रेमचा कॅमेरा दोन फ्रेम देतो, २० चा चार. बोर्ड वेकच्या माथ्यावरून सुटताना दिसला की दाबायला लागा, पाण्याला टेकला की सोडा.

आणि सुरक्षेचं. मागे बसताय म्हणून बोटीच्या मागच्या टोकाला असलेल्या पोहायच्या फळीवर कधीही नाही, बोट चालू असताना तर नाहीच. तिथे इंजिनाचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि खाली बोटीचा फिरता पंखा असतो. एका चालकाला मी फोटोसाठी माणसाला तिथे बसवताना पाहिलंय. त्या दिवशी काही झालं नाही, पण मी फेरी थांबवायला लावली होती. दुसरं, फोटोग्राफर आणि लक्ष ठेवणारा माणूस एकच असता कामा नये. लेन्समधून तुम्हाला ती दिसते, बाजूनं येणारी दुसरी बोट दिसत नाही. तिसरं, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, मनगटात घ्या. स्वार पडताना मूठ सुटली की दोर कधीकधी झटक्यानं बोटीत परत येतो.

निळाई | सोमवार, दुपारी ३:३५

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू का? आणि संध्याकाळी फ्लॅश? सर्फिंगला मी दोन्ही कधी वापरले नाहीत.

काठावरची | सोमवार, सायं. ६:१५

पोलरायझर मी काढून ठेवला. दीड ते दोन पायऱ्या उजेड खातो आणि पाण्याला लागून आडवं काढताना चकाकी फारशी कमी करत नाही.

फ्लॅश बोटीतून सोडून द्या. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचं माप, मीटरमध्ये) ६० चा फ्लॅश पूर्ण ताकदीनं मारला तरी आयएसओ १०० ला २० मीटरवर एफ ३ पुरता उजेड पोहोचतो, आणि पुन्हा चार्ज होईपर्यंत उडी संपलेली असते. हायस्पीड सिंकवर (वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायच्या सोयीवर) त्याहून कमी. रॅम्पपाशी, पाच-सहा मीटरवर, स्टँडला बांधून ठेवलेला फ्लॅश मात्र सांजेला कमाल करतो.

त्यापेक्षा ऊन समोरून घ्या. सूर्य खाली असताना स्वाराच्या मागे ठेवा. प्रत्येक थेंब पेटतो. चेहरा थोडा अंधारात जातो, जाऊ दे. लेन्सला हूड हवंच आणि पुढच्या काचेवर एकही थेंब नको, तो थेंब चौकटीभर डाग होऊन बसतो. खिशात दोन कोरडी मऊ फडकी ठेवा. पाणी खारं असेल तर घरी गेल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं कॅमेरा पुसून घ्या. बोटीत लेन्स बदलू नका.

जलतरंग | त्याच्या पुढचा शनिवार, रात्री ९:५५

आज सांगितलं तसंच केलं. मोठ्या उडीची ठरलेली खूण, मॅन्युअल एक्स्पोजर, मागच्या बटणावर फोकस. एकशे चाळीस फ्रेम, त्यातल्या तीन देतेय.

गंमत म्हणजे मी पहिली निवडली होती. पूर्ण शिखर, तुषार पेटलेले, सगळं जागच्या जागी. मैत्रिणीनं तिसरी उचलली. त्यात ती शिखरावरून हातभर खाली आलीय, पण टाचेकडची कड घट्ट पकडलेली, गुडघा ताणलेला, आणि नजर पलीकडच्या उतारावर. "इथे मला माहीत होतं की मी उभी राहणार," असं म्हणाली आणि बराच वेळ ती फ्रेम बघत राहिली. दोरीवरचा, तुम्ही लिहिलेलं मी तेव्हा वाचलं होतं, आज कळलं.

पुढच्या आठवड्यात केबल पार्कात जाऊन काठावरून पॅनिंग करणार आहे. ती गूफी आहे, त्यामुळे डावीकडचा काठ. तोवर या तिन्हींवर अजून काही सुचवायचं असेल तर सांगा. तिसरी ती मोठी छापून घेणार आहे.

दोरीवरचा | शनिवार, रात्री १०:३०

तिसरीच. मेथड आहे ती, आणि नीट ताणलेली. तिला माझ्याकडून शाबासकी.

कृष्णधवल | शनिवार, रात्री १०:४२

छापण्याआधी दोन गोष्टी. क्षितिज डावीकडे अंदाजे एक अंश झुकलंय, ते सरळ करा. सरळ करताना उजव्या कोपऱ्यातून थोडं कापलं जाईल आणि दोराचं टोक तिथेच आहे. वरचं आभाळ कमी करा, हवं तर चौकटीचं प्रमाण बदला, पण तो कोपरा राखा.